चैनलालभाऊंची फुली

दरेकशाच्या टेकडीवर चढताना उजवीकडे पाहायची आम्हाला बंदी होती. फक्त डावीकडे पाहत चालायचं. येताना तीच वाट धरायची आणि पुन्हा डावीकडेच पाहायचं, म्हणजे जाताना राहिलेली बाजू आपोआप पाहून होते. हा कायदा चैनलालभाऊंचा. साठी उलटलेल्या माणसांनी मान कुठं वळवायची हेही कोणी ठरवून देऊ लागलं, तर राग येणारच. मला तर फार आला. बत्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून मी सालेकसा भागातली खेडी पायाखाली घातली, वेळ पडली तेव्हा डॉक्टरांनाही चार शब्द सुनावले, आणि हा माणूस मला म्हणतो, "सिस्टर, तुमची नजर लाइनवर नाही."

कायद्याला कारण होतं. चैनलालभाऊ रेल्वेत की-मॅन होते. म्हणजे ठरलेल्या सहा-सात किलोमीटरच्या पट्ट्यात रोज पायी जायचं, रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्यानं ठोकून पाहायच्या, सैल असेल ती घट्ट करायची. जाताना एक रूळ, येताना दुसरा. चौतीस वर्षं हेच. निवृत्त झाल्यावर रूळ राहिले मागे, पण त्यांचे पाय आणि मान काही निवृत्त झाली नाहीत. आम्ही राहतो त्या कुडव्याच्या सपाट डांबरी रस्त्यावरही ते रुळांखालच्या स्लीपरच्या अंतरानंच पाऊल टाकत. बाजारात त्यांच्याबरोबर चालताना त्यांच्या बायकोची फार तारांबळ व्हायची. ती म्हणायची, या माणसाबरोबर लग्नाच्या सात फेऱ्या मी कशा घेतल्या ते माझं मलाच ठाऊक.

मागच्या पोळ्याच्या आधी ते गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. मयतीला टेकडीवरच्या टोलीतल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, सात-आठ बाया पॅसेंजर गाडीनं आल्या होत्या. शेजारच्यांना कळेना की ह्या कोण आणि एवढ्या का रडून राहिल्या. ते कळावं म्हणून हे लिहीत आहे.

आमची ओळख झाली ती त्यांच्या आगाऊपणामुळे. मी, आमचे मास्तर, आणि शर्माजी असे तिघं पहाटे फिरायला जायचो. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत इतिहास शिकवत होते आणि अजून थांबलेले नाहीत. शर्माजींचं गोंदियाच्या बाजारात कापडाचं दुकान. ते मुलाच्या हाती दिलं आणि रिकामपण खायला उठलं म्हणून आमच्यात आले. एके दिवशी मागून एक काटकुळा माणूस चालत आला. खाकी शर्ट, खांद्याला झोळा, हातात बांबूच्या दांड्याचा छोटा हातोडा. आमच्या मागं बरंच अंतर नुसता चालला. मग शर्माजींना म्हणाला, "तुमच्या उजव्या जोड्याची टाच बाहेरून घासून राहिली जी. गुडघा धरंल."

शर्माजींचा गुडघा आधीच धरलेला होता. त्यांनी ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिथून पुढं हा माणूस आमचाच झाला. आम्ही बोलावलं असं मला आठवत नाही.

डांबरी रस्त्यावर चालणं हे त्यांच्या लेखी चालणंच नव्हतं. महिन्याभरात त्यांनी आम्हाला सकाळच्या पॅसेंजरमध्ये घातलं आणि दरेकशाला उतरवलं. स्टेशनापासून तासाभराच्या चढणीवर रेल्वेची जुनी गिट्टीखदान आहे, रुळांखाली टाकायची खडी काढायची. कधीची बंद पडलेली. डोंगराचं अर्धं अंगच कापून नेलेलं, उभे कडे, खाली माल भरायचा दगडी ओटा, गंजलेल्या लोखंडी खुंट्या, साहेबाच्या बंगल्याचं नुसतं जोतं आणि त्यातून वर आलेला मोहाचा झाड. आमच्याकडे झाड पुल्लिंगीच असतो, मास्तर कितीही दुरुस्त करोत.

ही खदान पाहायची चैनलालभाऊंना नोकरीभर इच्छा होती. त्यांचा पट्टा खालूनच जायचा. रोज टेकडी दिसायची, पण ड्युटीवरच्या माणसाला लाइन सोडून जाता येत नाही, आणि सुटी मिळाली की गावी भाताच्या बांधीत भाऊ वाट पाहायचा. म्हणाले, ज्या गोट्यावर चौतीस वर्षं चाललो त्याचं घर तरी पाहावं. गोटा म्हणजे दगड. मला ती इच्छा अगदी पटली. मास्तरांना खदानीचा इतिहास हवा होता, शर्माजींना डब्यातले पराठे उघड्यावर खायला मिळत होते. त्यामुळे दर रविवारी आमची वारी ठरूनच गेली.

मास्तर आणि चैनलालभाऊंचं पहिल्याच फेरीत जुंपलं. कड्याच्या पोटात एक बिनखिडकीची खोली आहे. मास्तरांनी ती पाहिली आणि इंग्रजांनी मजुरांना कोंडायची कोठडी म्हणून तिच्यावर पंधरा मिनिटं बोलले. भिंतीवर ओरखडे होते, ते कैद्यांनी दिवस मोजल्याचे निघाले. शर्माजींच्या डोळ्यांत पाणी आलं. चैनलालभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीची जाडी वितीनं मोजली, वर पाहिलं आणि म्हणाले, ही बारूद ठेवायची खोली आहे. भिंती जाड आणि छप्पर हलकं कशाला, तर उडालं तर वर उडावं, आजूबाजूची माणसं वाचावी. आणि हे ओरखडे म्हणजे कोणाच्या तरी बकऱ्यांनी अंग घासलंय. मास्तर घरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्या दिवसाचा प्रवास फार छान झाला.

हातोडा कशासाठी, ते आम्हाला तिथं कळलं. खदानीच्या कड्याखालून एक पायवाट जाते. टोलीतल्या बायांना मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपणाला, सगळ्याला तीच वाट. दुसरीकडून जायचं तर तासाचा फेरा. वाटेवर डोक्याच्या उंचीपासून वर मोठाले दगड कड्याला चिकटून बसलेले. पावसाळ्यात त्यांतला एखादा सुटायचा. चैनलालभाऊ पुढं चालत आणि हात पोचेल त्या प्रत्येक दगडावर हातोडा मारत. मारला की डोळे मिटत. दगड आतून धरलेला असेल तर खणकन वाजे. मागं भेग पडून सुटायला आलेला असेल तर आवाज बद्द येई. "पक्का," म्हणत आणि पुढं जात. बद्द असेल तर खिशातून चुन्याची डबी काढत आणि बोटानं त्यावर फुली मारत. तंबाखू ते खात नसत. चुना फक्त फुलीसाठी होता.

पहिल्या पावसाळ्यानंतर फुली मारलेले दोन दगड खाली आलेले सापडले. तेव्हापासून टोलीतल्या बाया फुलीखाली टोपली टेकवत नाहीत, पोर उभं करत नाहीत, पाय उचलून पटकन निघून जातात. टोलीतल्या जाणत्यांपैकी सुकवारोबाई मला म्हणाली, तुमच्या म्हाताऱ्याचा चुना आहे म्हणून आम्ही निसूर जातो. निसूर म्हणजे निर्धास्त. तो आमचा म्हातारा नाही, असं मी तिला सांगितलं. पण मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

असं चार वर्षं चाललं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही परत स्टेशनाकडे येत होतो. वाट शेवटी रुळांच्या कडेनं येते. आम्ही तिघं खाली गिट्टीच्या उतारावरून चाललो होतो, आणि चैनलालभाऊ आपल्या सवयीनं स्लीपरच्या टोकांवरून, आमच्यापुढं. मागून मालगाडी आली. हॉर्न दिला. पुन्हा दिला. मला वाटलं ते उतरतील, इतक्या वर्षांचा माणूस, त्याला मी काय सांगू. ते उतरले नाहीत. शर्माजी गुडघा विसरून धावले आणि झोळ्याला धरून त्यांना खाली ओढलं. गाडी गेली. बराच वेळ डबेच डबे जात राहिले, आणि आम्ही चौघं गवतात बसलेलो. चैनलालभाऊ झोळा झटकत म्हणाले, वारा उलटा होता, म्हणून आवाज आला नाही.

वारा नव्हताच. मी नर्स आहे. मला त्या क्षणी सगळं एकदम दिसलं. आपण एक विचारावं आणि त्यांनी दुसरं सांगावं, ते हल्ली वाढलं होतं. डाव्या बाजूनं बोललं तर ते वळतच नसत. पुढच्या रविवारी मी त्यांच्या मागून चालताना साध्या आवाजात म्हटलं, चैनलालभाऊ, पायाशी साप आहे. ते चालत राहिले. शर्माजी मात्र दगडावर चढले आणि मला हिंदीत बरंच काही बोलले.

आता हे त्यांना सांगायचं कोणी? मी म्हणाल तर मी पन्नास घरांत वाईट बातम्या सांगितल्या आहेत. हे सांगताना माझी जीभ उचलेना. त्यालाही एक कारण होतं. चैनलालभाऊंनी कधीतरी गाडीत आम्हाला भिवाजीची गोष्ट सांगितली होती. भिवाजी त्यांचे उस्ताद. चावी कशी ठोकायची, आवाज कसा ओळखायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. पुढे भिवाजींचे कान कमी झाले. चैनलालभाऊंच्या ते लक्षात आलं आणि आठ दिवसांच्या आत त्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं. भिवाजींना लाइनवरून काढलं आणि ऑफिसात पाणी भरायला ठेवलं. भिवाजी त्यानंतर बारा वर्षं जगले, पण शिष्याच्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नाही. शर्माजींनी विचारलं होतं की पस्तावा होतो का. चैनलालभाऊ म्हणाले, रोज होतो. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगीन. गाडीत हजार माणूस असते.

म्हणजे सांगितलं की हा माणूस हातोडा ठेवणार, हे ठरलेलं. आणि हातोडा ठेवला की मागं काय राहणार? मुलगा रायपूरला. तो दर महिन्याला फोन करून म्हणायचा, बाबा, इकडे या. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून ते काय ठोकणार होते? टेकडीवरून परतल्यावर आमच्या अंगणात आम्ही तिघांनी तीन रविवार यावर खल केला. मास्तर म्हणाले, सांगितलंच पाहिजे. शर्माजी म्हणाले, "दीदी, आप बोलो ना, आप तो सिस्टर हो." मी म्हटलं, बघू. आणि बघू म्हणता म्हणता हिवाळा गेला.

मधल्या काळात एक नवीन गोष्ट सुरू झाली. पूर्वी दगडावर हातोडा मारला की ते डोळे मिटायचे. आता मारला की वळून आमच्या तोंडाकडे पाहायचे. मला आधी वाटलं, म्हातारपणी शाबासकी हवी झाली असेल. मग लक्षात आलं. दगड बद्द वाजला की मास्तरांच्या कपाळाला आपोआप आठी पडायची. ती आठी पाहून चैनलालभाऊ डबी काढायचे. आठी नसली की "पक्का." हे लक्षात आल्यावर आम्ही काय करावं? आम्ही मुद्दाम तोंडं करायला लागलो. तिघांपैकी कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी कबूल केलं नाही, पण बद्द आवाज आला की मास्तर आठी घालत, शर्माजी मान हलवत आणि मी ओठ दाबत असे. काम बिनबोभाट चाललं होतं. आपण फार चांगली माणसं आहोत असंही मला वाटून राहिलं होतं.

चैत्र लागला. मोह गळायला लागला. पहाटे अंधारात बाया वर जायच्या आणि ऊन चढायच्या आत भरल्या टोपल्या घेऊन कड्याखालून परतायच्या. त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा आवाज वरून येत होता. चैनलालभाऊ पुढं होते. मागं शर्माजी आपल्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. बायकोसाठी साडी घ्यायला आला, रंग विसरला, आणि रंग विचारायला घरी गेला तो दुसऱ्या दुकानातून साडी घेऊनच परत रंग दाखवायला आला. आम्ही दोघं हसत होतो. हसत असतानाच मला हातोडा पडल्याचा आवाज आला. तडकलेल्या माठासारखा. चैनलालभाऊंनी वळून पाहिलं. त्यांना तीन हसणारी तोंडं दिसली.

"पक्का," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

दगड बैलगाडीएवढा होता. त्याच्या बरोबर खाली वाट जरा रुंद होते, आणि बाया टोपल्या उतरवून दम खातात ती जागा तीच. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. धावत जाऊन मी त्यांचा दंड धरला आणि तोंडासमोर उभी राहून म्हटलं, "भाऊ, तो बद्द वाजला."

"तुमी आयकलं?"

"तिघांनी ऐकलं."

ते परत फिरले. दगडाला तळहात लावून त्यांनी पुन्हा हातोडा मारला. कान जवळ नेऊन मारला. मग एका जागी उभे राहून आमच्याकडे पाहत राहिले. मास्तर आपल्या चपलेकडे पाहत होते.

"तुमाले ठाऊक होतं," ते मला म्हणाले.

"दिवाळीपासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मले वाईट वाटलं असतं, सिस्टर. आन खालून बाया चालून राहिल्या आहेत."

माझं डोकं फिरलं. खरं बोललं की मला आधी रागच येतो. मी म्हटलं, तुम्हाला तरी माहीत नव्हतं का? आमची तोंडं कशाला पाहत होता? ते चिडले नाहीत. हातोड्याच्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "होतं ना. वाटे, थोडं कमी झालं आहे, चालून जाते. भिवाजीले मी आठ दिवस नाही देल्ले. सोताले अडीच वर्ष देल्ले."

शर्माजींना त्यांनी वाटेच्या वळणावर पाठवलं, बायांना थोपवून धरायला. मास्तरांना घेऊन ते फेऱ्यानं वरच्या अंगाला गेले. सागाचा एक वाळका ओंडका भेगेत घालून दोघांनी नेट लावला. मला वाटलं होतं तासभर लागेल. दुसऱ्याच हिसक्याला दगड सुटला. धुरळा बसल्यावर मी पाहिलं तर दम खायची जागा राहिलीच नव्हती. वळणापलीकडं बाया उभ्या होत्या, डोक्यावर टोपल्या. मी त्याच दगडधोंड्यात बसले आणि रडले. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि अजून वाटते.

परतीच्या गाडीत चैनलालभाऊ आमच्या डब्यात बसले, पण तोंड खिडकीकडे. कुडव्याला घराशी वळताना फक्त म्हणाले, सोमवारी तपासायला कुठं जायचं ते सांगा.

तपासणी झाली. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा अर्धा. मुलानं रायपूरहून चांगल्यातलं यंत्र पाठवलं. ते लावल्यावर माणसाचं बोलणं त्यांना बरं ऐकू येऊ लागलं, बायकोचं तर नको तितकं. पण दगडाला यंत्र चालेना. त्यांनी अंगणात वीट, पाटा, सगळं ठोकून पाहिलं. म्हणाले, याच्यातून सारंच डब्यावाणी वाजते. यंत्र काढून त्यांनी कपाटात ठेवलं आणि मला म्हणाले, रविवारी वर जायचं आहे. टोलीत.

मला वाटलं, निरोप घ्यायचा असेल. मुलानं तिकडे खोली रंगवून ठेवली होती. आम्ही चौघं गेलो. टोलीत अंगणाअंगणात मोह वाळत घातला होता. चैनलालभाऊंनी बायांना चिचेच्या झाडाखाली बोलावलं. पंधरा-वीस जणी आल्या, काही पुरुषही आले. ते उभे राहिले. बोलायचा सराव नव्हता त्यांना, आणि आपला आवाज किती मोठा निघतो याचा अंदाजही राहिला नव्हता. सगळ्या टोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माहे कान गेले. दोन-अडीच वर्षांपासून गेले. त्याच्यात मी ज्याले पक्का म्हनलं, तो पक्का असंल याचा भरोसा नाही. माही फुली पाहून आता चालू नोका."

एवढंच बोलून ते खाली बसले. शर्माजींनी माझा हात घट्ट धरला होता, ते त्यांच्याही ध्यानात नव्हतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ज्या माणसाला आम्ही दुःखापासून वाचवत बसलो होतो, त्यानं ते पंधरा-वीस बायांसमोर उभं राहून स्वतः उचललं होतं. मला वाटलं, आता कोणी तरी त्यांना बोलणार. हक्कच होता. त्या बैलगाडीएवढ्या दगडाखाली त्यांतल्या निम्म्या जणी रोज बसत होत्या.

सुकवारोबाई उठली. चैनलालभाऊंच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तुमचे कान गेले तं गेले. आमचे आहेत ना जी. बाजारात गाडगं घेतो तं वाजवूनच घेतो. गोटा का येगळा वाजते?"

चैनलालभाऊंनी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं. मागून दुसरी एक म्हणाली, ठोकायचं कुठं ते त्यांना ठाऊक आहे, ऐकायचं आम्ही पाहून घेऊ. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

ते रायपूरला गेले नाहीत. मुलाला फोनवर मोठ्यानं सांगितलं की काम निघालं आहे. वैशाखाच्या उन्हात, मोह संपून तेंदूपत्ता सुरू झाला तरी, त्यांनी त्या कड्याखालचा दगडन् दगड पहिल्यापासून पुन्हा ठोकून काढला. "पक्का" हा शब्द त्यांनी सोडून दिला. तो म्हणायचा अधिकार आता आपला नाही, असं त्यांचं म्हणणं. जुन्या फुल्या धुऊन टाकल्या आणि नव्या बायांच्या सांगण्यावरून मारल्या. माझ्याशी पहिल्यासारखे बोलायला त्यांना महिना लागला. तो महिना मी मुकाट्यानं डबा घेऊन जात राहिले.

मी त्यांना टेकडीवर शेवटचं पाहिलं ते पाऊस लागायच्या आठवडाभर आधी. माझे पाय सुजले होते म्हणून मी खालीच, माल भरायच्या ओट्यावर बसले होते. वर कड्याखाली सात-आठ बाया तेंदूपत्त्याचे भारे उतरवून ओळीनं उभ्या होत्या, लुगड्याचे पदर कानामागं सारून. चैनलालभाऊंनी हातोडा मारला आणि वळून पाहिलं. या दगडावर बायांचं एकमत होत नव्हतं. दोघी मान हलवत होत्या, सुकवारोबाई हातानं नाही म्हणत होती, एक धाकटी पुढं होऊन दगडाला कानच लावून उभी होती. त्या भांडत होत्या, त्यांचा आवाज मला खालपर्यंत येत होता. चैनलालभाऊंना येत नव्हता. उघडी डबी एका हातात, हातोडा दुसऱ्या हातात, ते बायांचं ठरायची वाट पाहत उभे होते.